जीव, देह आणि ‘मी’

यवतमाळसह साऱ्या जुन्या वऱ्हाडात महानुभाव पंथाची मुळे खोलवर रुजली आहेत. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी मराठीतून शिकवले, की जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ही चारही तत्त्वे अनादी व परस्परांहून भिन्न आहेत. मोक्षातही जीव परमेश्वरात विरून जात नाही. मात्र देह हा प्रपंचाचा भाग. जीवाला तो सोडायचाच असतो.

त्याच शतकात युरोपात संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) ‘मी कोण?’ याच प्रश्नाचा विचार करीत होते. आत्मा अनादी नव्हे, तर देवनिर्मित आणि अमर, असे ते मानीत. परमेश्वरापुढे माणसाचे वेगळेपण टिकते, याविषयी मात्र दोघांचे एकमत दिसते. परंतु संत थॉमस पुढे म्हणाले, की केवळ आत्मा म्हणजे ‘मी’ नव्हे. देहाशिवाय माणूस अपुराच राहतो.

आप्तांना मूठमाती देताना ‘आता उरली ती माती’ असे आपण सहज बोलून जातो. ख्रिस्तसभा मात्र विश्वासांगीकारात देहाच्या पुनरुत्थानाची ग्वाही देते. म्हणूनच २ नोव्हेंबरला कबरीवर लावलेली मेणबत्ती केवळ आठवणीची नसते. ती त्या संपूर्ण माणसाच्या भेटीच्या आशेची असते.