चवदार तळ्याचा खटला : रूढीचे वय किती?

हार्पर ली यांच्या १९६० सालच्या कादंबरीत अलाबामातील एका निरपराध कृष्णवर्णीयावर खटला चालतो. त्याची बाजू गोरा वकील मांडतो आणि गोरे पंच त्याला दोषी ठरवतात. कथेचा काळ १९३०च्या दशकातला आहे. त्याच दशकात महाराष्ट्रात एक खराखुरा खटला सुरू होता. त्यातला प्रमुख प्रतिवादी मात्र स्वतःच बॅरिस्टर होता.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यात बेकायदा काहीच नव्हते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार तळे खुलेही केले होते. तरीही परिषदेहून परतणाऱ्यांना मारहाण झाली, मंत्रोच्चारात पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातनी मंडळींनी लाठीऐवजी कायदा हाती घेतला. महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम निघाला. जमलेल्या हजारो लोकांनी मग तळ्याभोवतून मिरवणूक काढली, पण पाण्याला हात लावला नाही. ज्या न्यायालयाने त्यांचा हक्क रोखला, त्याच्याच आदेशाचा त्यांनी मान राखला. या प्रसंगाकडे अभ्यासकांचे लक्ष मनुस्मृतिदहनाच्या मानाने फारच कमी गेले आहे.

वादींचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, तळे खासगी मालकीचे आहे. हा दावा टिकला नाही. दुसरे, अस्पृश्यांनी तेथे पाणी भरू नये ही अनादी रूढी आहे. खरी लढाई येथे होती. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती पुरातन असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि ते ओझे वादींवर होते.

१९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्यात अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. खंडपीठावर न्या. ब्रूमफील्ड होते; गांधीजींना १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. हयात माणसांच्या आठवणीत अस्पृश्यांनी हे पाणी वापरले नव्हते, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र तेवढ्याने रूढीचे अनादित्व सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला.

म्हणजे विजय मिळाला तो पुराव्याच्या उणिवेमुळे. अस्पृश्यता अन्याय्य आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. बळकट कागद सापडला असता तर? हा प्रश्न निकालाने उघडाच ठेवला. शिवाय घोटभर पाण्याच्या हक्काला दहा वर्षे लागली होती.

या निकालाची हद्दही मर्यादित होती. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात असल्याने मुंबईचा निकाल तेथे बंधनकारक नव्हता. तेथील दलितांच्या या हक्काला पुढे २६ जानेवारी १९५०च्या संविधानाचा आधार मिळाला. त्याच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि मसुदा समितीच्या अध्यक्षपदी महाडच्या दाव्यातला तो प्रतिवादीच होता.