छोटी लाईन आणि खंडव्याचा बॉम्बे बाजार

बुऱ्हाणपूरकराला खंडव्याचे कौतुक सहसा नसते. आपल्याकडे फारुकींची राजधानी, मोगलांचा सुभा, कुंडी भंडारा. खंडव्यात काय, तर स्टेशन. तरी २००३ पर्यंत आपला जिल्हा खंडवाच होता. १८६४ साली निमाडचे मुख्यालय मंडलेश्वरहून तेथे आले आणि त्याच दशकात मुंबईकडची मोठी लाईन पोहोचली. पुढे १८७० साली तुकोजीराव होळकरांनी इंदूरच्या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. ती लाईन मात्र मीटरगेज झाली. आपल्या बोलण्यातली छोटी लाईन ती हीच.

दोन्ही लाईनींच्या रुंदीत फरक सव्वादोन फुटांच्या आसपास. खंडव्याचा बाजार या फरकावर उभा राहिला, असे माझे मत आहे. माळव्याचा कापूस आणि धान्य एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचे, म्हणजे मालधक्का आला, हमाल आले, अडते आले. प्रवाशालाही गाडी बदलावी लागे आणि मधले तास कोठेतरी काढावे लागत. त्या रिकाम्या तासांवर स्टेशनसमोरच्या धर्मशाळा, लॉज, खानावळी चालल्या. बॉम्बे बाजार हा त्याच परिसरातला. किशोरकुमारचे वडिलोपार्जित घरही तेथेच.

स्वातंत्र्यानंतर छोटी लाईन मेळघाटातून अकोला-हिंगोलीकडे जोडली गेली. राजस्थानातून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस खंडव्यावरून थेट हैदराबादेस जाऊ लागली. होमिओपॅथीत दुखणे कोणत्या वेळी वाढते हे विचारावेच लागते. माझे खंडव्याचे वयस्क रुग्ण घड्याळाची वेळ सांगत नसत. "मीनाक्षी गेली की खोकला सुरू होतो, डॉक्टरसाहेब," असे उत्तर येई. गाडी बंद होऊन कित्येक वर्षे झाल्यावरही येई.

हीच मंडळी आज म्हणतात की २०१७ साली अकोल्याची गाडी बंद झाली आणि बाजार बसला. मला हे पटत नाही. लांबची साखळी त्याआधीच तुटली होती. दक्षिणेकडची छोटी लाईन टप्प्याटप्प्याने रुंद होत गेली; पूर्णा-अकोला २००८ साली झाली. खंडव्यात गाडी बदलणारा दूरचा प्रवासी तेव्हाच संपला. मग २०१७ ला गेले काय?

गेली ती अकोल्याची पॅसेंजर. तिला मीनाक्षीचा रुबाब नव्हता. खिडक्यांना बांधलेल्या मोळ्या, डब्यात कोंबड्या, आणि तुकईथड, धुळघाट, डाबका, वान रोड इथली कोरकू माणसे. मीठ, तेल, कापड, आजारपण, कोर्टाची तारीख, सगळ्यासाठी हीच गाडी. बाजाराच्या आठवणी आपण गल्ल्यावर बसलेल्यांकडून ऐकतो. गल्ल्यासमोर उभे राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. तुकईथडकडची एक कोरकू आजी गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येते. तिच्या खंडव्यात ना मीनाक्षी आहे, ना किशोरकुमार. एक कापडवाला आहे, जो तिच्या सासूच्या वेळेपासून उधार देई आणि गाडी सुटायच्या आत हिशेब करी. आता ती जीपने धारणीला जाते. तेथे तिला कोणी उधार देत नाही. त्या कापडवाल्याची उधारी कोठे लिहिली असेल, असे तिनेच मला विचारले.

लाईन रुंद करायची ठरली तेव्हा मेळघाटच्या वाघांसाठी ती जंगलाबाहेरून नेण्याची मागणी झाली आणि मार्ग बदलला. निर्णय मला योग्य वाटतो. नवी लाईन सोनाळा, जामोदवरून आपल्या खकनारकडे येणार आहे, म्हणजे बुऱ्हाणपूर जिल्ह्याचा त्यात फायदाच. जुन्या लाईनने जेथे डोंगर चढण्यासाठी स्वतःभोवतीच वळसा घेतला होता, ते धुळघाट मात्र नव्या मार्गावर नाही. सरकारी कागदांत त्या गावाचे नाव अजून 'धुळघाट रेल्वे' असेच आहे.