परळचा डॉक्टर, चीनचा आप्त

आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुलेमुली आज परदेशी एकटी राहून नोकरी करीत आहेत. तेथे त्यांना आपले म्हणावे असे कोण, ही आईबापांची चिंता रास्तच आहे. अशा ज्ञातिबंधूंकरिता डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा वृत्तांत येथे देत आहे.

कोटणीस मूळचे सोलापूरचे. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी परळच्या गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात घेतले. जपानी आक्रमणाने गांजलेल्या चीनला साहाय्य म्हणून १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात हे सत्तावीस वर्षांचे तरुण होते. १ सप्टेंबरला त्यांनी मुंबई बंदर सोडले. तिकडे असतानाच वडील निवर्तल्याची वार्ता आली. त्या वेळी ते परतते, तर कोणी दोष दिला नसता. पण ते राहिले. पुढे एकेक सहकारी मायदेशी गेला. अखेर डॉ. बसूही येनानला परतले, तेव्हा वुताई पर्वताच्या त्या मुलखात पथकापैकी कोटणीस एकटेच उरले.

त्यांनी स्वदेशीयांची वाट पाहिली नाही. चिनी भाषेचा अभ्यास आरंभिला. अक्षरे जुळवून वाचावे अशी ती भाषा नव्हे; हजारो चिन्हे एकेक करून पाठ करावी लागतात. बाराखडी गिरवून घेण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्या शिक्षकास या परिश्रमाचे मोल युद्धातील शौर्याहून तिळभरही कमी वाटत नाही. पुढे ते विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवू लागले. चिनी लोक त्यांना ‘के दिहुआ’ म्हणत. १९४१ साली त्यांच्याकडे एका रुग्णालयाची धुरा आली. सैनिकांची शुश्रूषा करताना १९३९ साली मृत्यू पावलेले कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांचे नाव त्या रुग्णालयास दिलेले होते.

बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांची प्रथम भेट झाली. परदेशी डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो, थोडेफार लिहितोही, याचे त्यांना मोठे नवल वाटले. परिचयाचा स्नेह झाला आणि १९४१ च्या नोव्हेंबरात विवाह. पुढील ऑगस्टात पुत्र झाला. त्याचे नाव यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे. १९४६ साली शांतारामबापूंच्या परळमधील राजकमल कलामंदिराने त्यांच्यावर बोलपट काढला, तो जुन्या मंडळींस आठवत असेल. यिन्हुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असता १९६७ साली वारला. छिंगलानबाई मात्र २०१२ पर्यंत जगल्या. त्या अनेक वेळा भारतात आल्या आणि सासरी यावे तशा कोटणीस कुटुंबीयांना भेटून गेल्या.