बिलिरुबिनचे दोन भाग: एका रक्तचाचणीचा इतिहास
कावीळ हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांत आढळणारे लक्षण आहे, आणि वैद्यकापुढे ती ओळखण्यापेक्षा तिचे कारण शोधण्याचाच प्रश्न अधिक बिकट होता. चरकसंहितेच्या पांडुरोगचिकित्सेत कामलेच्या, म्हणजे काविळीच्या, एका प्रकाराचे लक्षण म्हणून वाटलेल्या तिळांसारखा फिकट मळ सांगितला आहे आणि पित्ताचा मार्ग कफाने रोधला जाणे हे त्याचे कारण दिले आहे. कारणानुसार भेद करण्याची ही दृष्टी प्रगल्भ होती, परंतु तिला आधार होता तो केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांचा.

काविळीतला पिवळा रंग बिलिरुबिनचा असतो. सुमारे १२० दिवसांनी तांबड्या रक्तपेशी मोडतात, तेव्हा त्यांतील हीम या घटकापासून हे पिवळे द्रव्य तयार होते, आणि यकृत त्याला पाण्यात विरघळणारे रूप देऊन पित्तावाटे आतड्यात सोडते. १८८३ मध्ये जर्मन वैद्य पॉल एर्लिख यांनी डायझो अभिकर्मकाशी, म्हणजे सल्फॅनिलिक आम्लापासून बनवलेल्या एका रसायनाशी, बिलिरुबिनचा संयोग होऊन ठळक रंग येतो असे दाखवले. मात्र चाचणीला निदानाचे मोल आले ते १९१६ मध्ये, जेव्हा डच वैद्य हायमन्स व्हान डेन बर्ग आणि म्युलर यांनी काही रक्तद्रवांत हा रंग लगेच येतो, तर काहींत अल्कोहोल घातल्यावरच येतो, असे नोंदवले. यांतूनच ‘डायरेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट’ हे अहवालात आजही छापले जाणारे शब्द आले. त्यांमागचे रसायन उलगडायला मात्र चार दशके लागली: यकृतात ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडले गेलेले बिलिरुबिन लगेच रंग देते, न जोडलेले देत नाही, हे १९५६ च्या सुमारास सिद्ध झाले.

उतारवयात या विभागणीचे महत्त्व विशेष आहे, कारण त्या वयात पित्तनलिकेतील खडे, स्वादुपिंडाच्या शीर्षभागाचा कर्करोग आणि औषधांचे दुष्परिणाम ही काविळीची कारणे तरुणांपेक्षा अधिक संभवतात. १८९० मध्ये स्विस शल्यविशारद कूर्व्हॉझिए यांनी, कावीळ असून पित्ताशय हाताला फुगलेले लागत असेल तर खड्यापेक्षा अन्य अडथळ्याची शक्यता अधिक, असे मांडले होते. डायरेक्ट भाग प्रामुख्याने वाढला असेल तर पित्तमार्गातील अडथळा किंवा यकृतपेशींची इजा यांचा विचार करावा लागतो आणि सोनोग्राफीची गरज पडते. इनडायरेक्ट भागच वाढला असेल तर रक्तपेशींचा अतिरिक्त नाश किंवा गिल्बर्ट सिंड्रोमसारखी निरुपद्रवी, जन्मजात प्रवृत्ती तपासली जाते. एकूण बिलिरुबिन प्रति डेसिलिटर साधारण १.२ मिलिग्रॅमपर्यंत स्वाभाविक मानले जाते, तर डोळ्यांचा पिवळेपणा ते अडीच-तीनच्या घरात गेल्यावर दिसतो. म्हणजे डोळ्यांना दिसण्याच्या बऱ्याच आधी रक्त ही वाढ दाखवते. तरीही सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृताचे ऊतक कठीण तंतूंनी व्यापले जाते त्या विकारात, हा आकडा दीर्घकाळ स्वाभाविक राहू शकतो, म्हणून अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाची आणि रक्त गोठण्याच्या वेळेची चाचणी सोबत पाहणे अनिवार्य आहे. याशिवाय बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला घट्ट चिकटतो आणि त्याच्याबरोबरच, काही आठवड्यांच्या संथ गतीने, रक्तातून नाहीसा होतो. अडथळा दूर केल्यानंतरही वृद्ध रुग्णाचा पिवळेपणा लवकर ओसरत नाही, त्याचे हे एक कारण आहे.