विमानतळ परिसरातील ड्रोन-नियमन : कराडच्या संदर्भात ऐतिहासिक आढावा

कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या उभारणीच्या काळात, १९५० च्या दशकात, कराडजवळ वारुंजी परिसरात धावपट्टी तयार झाली. तेव्हाच्या १९३४ च्या विमान अधिनियमासमोर मुख्यतः वैमानिकाने चालविलेले विमान होते. ड्रोनमुळे हे गृहीत बदलले.

७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचनेद्वारे ड्रोनच्या नागरी वापरास मनाई केली. १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीने सरसकट मनाईऐवजी अंतराची अट घातली : मुंबईसह सहा मोठ्या विमानतळांभोवती ५ किलोमीटर, इतरांभोवती ३ किलोमीटर क्षेत्र निषिद्ध ठरले. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी अंतराला उंचीची जोड दिली. पूर्वपरवानगीचे पिवळे क्षेत्र विमानतळाच्या सीमेपासून ४५ ऐवजी १२ किलोमीटरपर्यंत आले. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक मिळाली.

ही मोकळीक ‘कार्यरत विमानतळा’च्या संदर्भात आहे. नियमित प्रवासी सेवा नसलेली धावपट्टी लोकांना बंद भासते. परंतु तेथे लहान विमान उतरू शकते. उसावर फवारणी करणारा ड्रोन पिकापासून काही मीटरच वर असतो. तरीही धावपट्टीलगतच्या शिवारात तो निर्बंधाबाहेर राहत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. तथापि क्षेत्रांचा नकाशा संगणकावर आहे, शेताच्या बांधावर नाही. ग्रामपंचायतींनी ही सीमा गटनिहाय जाहीर केल्याखेरीज नियमाचे पालन कठीणच राहील.