मुकुंदराजांचे गाव आणि विद्यार्थ्याची परीक्षा

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई गावाबाहेर, बालाघाटाच्या एका दरीत, मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके 1110 मध्ये पूर्ण झाला आणि तोच मराठीतील आद्य ग्रंथ होय, हे वाक्य मराठी मुलाच्या कानी शाळेपासून पडत आलेले असते. समजा, त्याच गावचा एखादा विद्यार्थी महाविद्यालयात गेला आणि ‘मुकुंदराजांचा काळ व स्थळ’ हा विषय त्याच्याकडे निबंधासाठी आला. ह्यात शोधण्यासारखे ते काय, असेच त्याला प्रथम वाटेल. समाधी घराजवळ, शक तोंडपाठ. दोन पाने लिहावयास एक संध्याकाळ पुरे! वस्तुतः त्याची परीक्षा येथूनच सुरू होते.

तो दहा पुस्तके उघडतो. हल्ली तर हातातील फोनवर शंभर लेख क्षणात उभे राहतात. शके 1110 मध्ये 78 मिळवून आलेला 1188 हा आकडा बहुतेक ठिकाणी दिसतो आणि विद्यार्थ्याचा विश्वास दृढ होतो. परंतु एका माणसाने पाहिलेली गोष्ट शंभर जणांनी ऐकून सांगितली, तर न्यायाधीश साक्षीदार एकच धरतो, शंभर नव्हे. ह्या सर्व लेखांचा उगमही एकच आहे. ‘विवेकसिंधु’च्या शेवटी ग्रंथसमाप्तीचा शक सांगणारी ओवी आहे, तो हा उगम होय. माहिती किती ठिकाणी आढळली, हा पहिला प्रश्न नव्हे. ती मुळात कोठून निघाली, हा पहिला प्रश्न होय.

मग मुळाशी गेले पाहिजे. तेथे पोहोचताच पायाखालची वाट डळमळू लागते. मुकुंदराजांच्या हातची पोथी कोणाजवळ नाही. ज्या आहेत त्या पुष्कळ पुढच्या काळातील नकला. शकाची ओवी सर्व पोथ्यांत आढळत नाही, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. दुसरा आक्षेप भाषेचा. ज्ञानेश्वरी शके 1212 मधील, म्हणजे इ. स. 1290 मधील. तिच्याहून शंभर वर्षांनी जुन्या म्हणविणाऱ्या ग्रंथाची भाषा तिच्याहून सोपी व अर्वाचीन कशी? ह्याला उत्तरही आहे. नक्कल करणारा लेखक आपल्या काळचे रूप नकळत लिहून जातो. शंभर हातांतून गेलेली पोथी त्यामुळे तरुण दिसू लागते. उत्तर संभवनीय आहे. परंतु संभव म्हणजे सिद्धता नव्हे.

काळाप्रमाणे स्थळाचेही. ग्रंथात वैन्यागंगेच्या तीरावरील अंबानगरीचा निर्देश आहे. अंबाजोगाईचे जुने नाव आंबे. म्हणून नाव जुळते. परंतु गावाजवळून वाहते ती जयंती नदी. इकडे विदर्भात, नागपूर व भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर, वैनगंगेच्या काठी आंभोरा नावाचे क्षेत्र आहे. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांचे स्थान तेथे दाखवितात. येथे नदीही जुळते, नावही बरेचसे जुळते. शिवाय ग्रंथात बल्लाळाचा पुत्र जैतपाळ ह्याचा उल्लेख येतो. देवगिरीच्या यादवांत जैत्रपाल नावाचा राजा झाला खरा. पण त्याचा पिता पाचवा भिल्लम, बल्लाळ नव्हे. बैतूलजवळील खेरला किल्ल्याची परंपरा तर जैतपाळ आमचाच म्हणते. म्हणजे एका कवीवर तीन ठिकाणांचा हक्क!

येथे विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते. तो अंबाजोगाईचा आहे. लहानपणी आजीचे बोट धरून तो त्या समाधीस गेलेला आहे. आंभोऱ्याचा पुरावा वाचताना त्याला कागद मिटून टाकावासा वाटेल, आणि आपल्या बाजूचा पुरावा मात्र तपासल्यावाचून खरा वाटेल. जो पुरावा आपणास आवडतो त्यालाच अधिक कठोर प्रश्न विचारावा, ही शिस्त ग्रंथालयातील कोणत्याही सूचीत सापडत नाही. ती स्वतःच अंगी बाणवावी लागते.

सुदैवाने गावाच्या भूमीतच दगडांचा पुरावा आहे. यादव राजा सिंघण ह्याचा सेनापती खोलेश्वर, त्याच्या घराण्याचे तेराव्या शतकातील शिलालेख येथे मिळाले. खोलेश्वराचा पुत्र राम गुजरातच्या स्वारीत पडला. त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मी हिने देऊळ बांधविले, ही कथा त्यांतूनच कळते. यादवकाळी हे नगर वैभवात होते, एवढे ह्यावरून निश्चित होते. परंतु त्यांत मुकुंदराजांचे नाव नाही. साधन जेवढे बोलते तेवढेच ऐकावे. त्याच्या मौनात आपले शब्द भरू नयेत.

मूळ साधन हाती असणे म्हणजे काय, हेही विद्यार्थ्यास गावातच पाहावयास मिळते. सोळाव्या शतकात जन्मलेल्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा कापडावर लिहिला. ती पासोडी प्रसिद्धच आहे. तिच्यापुढे उभे राहिल्यावर तर्काला फारसे काम उरत नाही. ह्याच्या उलट अनुभव बीडच्या पाटांगणातील पोथीचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांना तेथे ज्ञानेश्वरीची पोथी मिळाली. ती एकनाथपूर्वकालीन मानून त्यांनी 1909 साली छापली. पुढे मूळ पोथी पडताळणीसाठी उरली नाही. राजवाड्यांचा अधिकार थोर. पण त्या छापील पानांविषयी शंका आली तर दार ठोठवावे असे घरच राहिले नाही. थोर माणसाचा शब्द आणि मूळ कागद ह्यांत कागदाचे मोल अधिक, ही शिकवण स्वतः राजवाड्यांनीच महाराष्ट्रास दिली होती.

आता निबंध लिहावयाचा कसा? ‘मुकुंदराज अंबाजोगाईचे व काळ 1188’ असे ठोकून देणे सोपे. ‘काहीच कळत नाही’ म्हणून हात झटकणे त्याहून सोपे. चांगला विद्यार्थी तिसरा मार्ग धरील. ओवीतील शक कोणता, त्यावर आक्षेप कोणते. अंबाजोगाईच्या बाजूस समाधी, परंपरा व नाव, तर आंभोऱ्याच्या बाजूस नदी व गुरुपरंपरा. हे सर्व तो क्रमाने मांडील, कोणती गोष्ट कोठून घेतली ते सांगेल आणि मग आपला कल कोणीकडे ते नम्रतेने लिहील.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचे ठरविले. भाषेच्या प्राचीनत्वाचा अभिमान त्यामुळे वाढला, आणि तो योग्यच आहे. परंतु अभिमानास टिकाऊ आधार पुराव्याचाच. असा निबंध पूर्ण करून तो विद्यार्थी पुन्हा समाधीस जाईल, तेव्हा त्याचा नमस्कार उणा होणार नाही. ज्या ग्रंथाच्या नावात ‘विवेक’ आहे, त्याच्या कर्त्यास ह्याहून शोभणारी पूजा दुसरी कोणती?