इशारा निघाला, पण पोंचला नाहीं

१२ जानेवारी १८८८ ची सकाळ अमेरिकेच्या नेब्रास्का-डाकोटाच्या गवताळ मैदानांत इतकी उबदार उगवली कीं, कित्येक मुलें जाड कोटांवांचूनच शाळेस गेलीं.

हवामानाचें भाकित तेव्हां लष्कराच्या सिग्नल खात्याकडे असे. सेंट पॉल येथील लेफ्टनंट वुड्रफ यांनीं पहांटेपूर्वींच थंडीच्या लाटेचा इशारा दिला होता. अंदाज अगदींच चुकला असें नाहीं! पण तो तारेच्या वाटेनें जाणारा. तारघराच्या गांवीं काळ्या चौकोनाचें पांढरें निशाण चढलें, तरी मैलोगणती दूरच्या झोंपडींत नांगरधाऱ्यास तें दिसावें कसें?

नेब्रास्कांत शाळा सुटण्याच्या सुमारास वादळ कोसळलें. हिम पिठासारखें बारीक. डोळे उघडवेनात, पुढें केलेला हात दिसेना. मिनी फ्रीमन या शिक्षिकेनें आपलीं मुलें जवळच्या शेतघरीं सुखरूप नेलीं. लोईस रॉइस ही दुसरी शिक्षिका तितकीच धीराची. पण जवळचेंच घर तिला सांपडलें नाहीं. तिच्या कुशींतलीं तिन्ही मुलें रात्रींत गारठून गेलीं, तिचे पाय कापावे लागले. एकंदर बळींचा प्रचलित अंदाज २३५ आहे.

१८९१ सालीं हें खातें लष्कराकडून शेतकी खात्याकडे आलें.